बोअरच्या पाण्यातलं फ्लोराईड इलेक्ट्रोडने कसं मोजायचं : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे हे तिकडच्या बऱ्याच लोकांना माहीत असतं, पण आपल्या गावच्या हापशात नक्की किती आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. फ्लोराईडला रंग नाही, वास नाही, आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटेल तसं वाढतं. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात तेव्हा ते दात हिरडीच्या आत तयार होत होते त्या वर्षांमधलं नुकसान आपण आत्ता बघत असतो, म्हणजे तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून पाणी आधी मोजायला पाहिजे, आणि नीट मोजायला पाहिजे.

नीट म्हणजे किती नीट ते बघा. आपल्याकडचं पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५०० (२०१२ ची आवृत्ती), फ्लोराईडसाठी १ पीपीएम म्हणतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतं. डब्ल्यूएचओचा आकडासुद्धा १.५ च आहे. (पीपीएम म्हणजे इथे मिलिग्रॅम प्रति लिटर, दोन्ही एकच धरा.) म्हणजे १.३ आणि १.७ यातला फरक हा हापसा पिण्यासाठी चालू ठेवायचा की फक्त धुण्याभांड्याला, याचा फरक आहे. अशा ठिकाणी "साधारण दीड असेल" हे उत्तर चालत नाही.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, एखाद्या संस्थेत किंवा पाणी तपासणी लॅबमध्ये नवीन लागलेल्यांसाठी हे लिहितोय. एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवा, मीटरला तार जोडली की तो काहीतरी आकडा दाखवतोच, इलेक्ट्रोड खराब असला तरी दाखवतो, स्टँडर्ड (म्हणजे फ्लोराईड किती आहे ते माहीत असलेलं, आपण बनवलेलं द्रावण) चुकलेलं असलं तरी दाखवतो, तो आकडा खरा आहे का हे मीटर सांगत नाही, ते आपल्याला स्लोप आणि स्पाइक या दोन गोष्टींवरून काढावं लागतं. दोन्ही खाली सांगतो.

हे काम कसं करतं, थोडक्यात

फ्लोराईड इलेक्ट्रोडच्या टोकाला लँथनम फ्लोराईडचा एक छोटा क्रिस्टल बसवलेला असतो, त्यात थोडं युरोपियम मिसळलेलं असतं म्हणजे त्यातून विजेचं वहन बरं होतं. १९६६ मध्ये फ्रँट आणि रॉस या दोघांनी हा इलेक्ट्रोड जगापुढे आणला आणि आजही मूळ रचना तीच आहे. या क्रिस्टलमधून फक्त फ्लोराईडचे आयन सरकू शकतात, त्यामुळे पाण्यात फ्लोराईड किती आहे त्यानुसार क्रिस्टलच्या दोन बाजूंमध्ये व्होल्टेज तयार होतं. ते मोजायला दुसरा एक स्थिर इलेक्ट्रोड लागतो, त्याला रेफरन्स म्हणतात. हल्ली दोन्ही एकाच दांड्यात येतात, त्याला कॉम्बिनेशन इलेक्ट्रोड म्हणतात, नवीन माणसाला तोच सोयीचा.

व्होल्टेज आणि फ्लोराईड यांचं नातं लॉगचं आहे, सरळ नाही. फ्लोराईड दहापट झालं की २५ डिग्रीला साधारण ५९ मिलिव्होल्टने रीडिंग बदलतं, याला स्लोप म्हणतात, आणि फ्लोराईडचा आयन ऋणभाराचा असल्यामुळे फ्लोराईड वाढलं की रीडिंग कमी होतं. पहिल्यांदा करणारे इथे हमखास गोंधळतात, त्यांना वाटतं तारा उलट्या जोडल्या. नाही, तसंच असतं.

या लॉगच्या नात्याचा एक परिणाम असा की रीडिंगमध्ये फक्त १ मिलिव्होल्टची चूक झाली तर उत्तरात ४ टक्क्यांची चूक होते, आणि कॅल्शियमसारख्या दोन भारांच्या आयनला तर ८ टक्क्यांची. म्हणून मीटर ०.१ मिलिव्होल्टपर्यंत दाखवणारा पाहिजे. लॅबमधल्या चांगल्या पीएच मीटरला मिलिव्होल्टचा मोड असतो, तो चालतो, इलेक्ट्रोडचं कनेक्टर त्याला बसतं का तेवढं खरेदीआधी बघा. साध्या मल्टिमीटरने हे होत नाही, या क्रिस्टलचा रोध फार जास्त असतो.

सामान

इलेक्ट्रोड, मीटर, मॅग्नेटिक स्टरर, थर्मामीटर, प्लॅस्टिकचे बीकर आणि प्लॅस्टिकच्याच बाटल्या, पिपेट, १०० मिलीचे आणि १ लिटरचे व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क, डिस्टिल्ड वॉटर, टिश्यू पेपर, आणि थर्माकोलचा एक तुकडा. थर्माकोल कशाला ते पुढे येईल. प्लॅस्टिक यासाठी की फ्लोराईडची द्रावणं काचेत साठवून ठेवायची नसतात. फ्लास्क काचेचा असला तरी द्रावण बनवून लगेच प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतलं तर चालतं.

केमिकल दोनच. एक सोडियम फ्लोराईड, आणि दुसरं टिसॅब नावाचं द्रावण. टिसॅब तयार विकत मिळतं, पण घरी (म्हणजे लॅबमध्ये) बनवलं तर स्वस्त पडतं. आणि टिसॅबशिवाय हे मोजमाप करायचंच नाही, तो ऐच्छिक भाग नाहीये. त्याची तीन कामं आहेत. पहिलं, इलेक्ट्रोडला कळते ती आयनांची ॲक्टिव्हिटी, म्हणजे आयन प्रत्यक्षात किती प्रभावी आहेत ते, एकूण प्रमाण नाही, आणि ॲक्टिव्हिटी पाण्यात बाकीचे क्षार किती आहेत त्यावर बदलते, टिसॅबमध्ये मीठच इतकं असतं की सगळ्या सॅम्पलची क्षारता जवळपास सारखी होऊन जाते. दुसरं, पीएच ५ ते ५.५ च्या दरम्यान धरून ठेवणं, त्याच्या फार खाली गेलं तर फ्लोराईड हायड्रोजनला चिकटून बसतं आणि इलेक्ट्रोडला दिसत नाही, फार वर गेलं तर हायड्रॉक्साईड आयनच फ्लोराईडसारखा वागून रीडिंग बिघडवतो. तिसरं, ॲल्युमिनियम आणि लोखंड फ्लोराईडला पकडून ठेवतात, टिसॅबमधलं सीडीटीए नावाचं रसायन त्यांना स्वतःकडे ओढून फ्लोराईड मोकळं करतं. तुरटी टाकलेल्या पाण्याचं सॅम्पल आलं तर हे तिसरं काम फार महत्त्वाचं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने फ्लोराईड काढायची जी नालगोंडा पद्धत तयार केली तिच्यात चुना आणि तुरटी वापरतात, तर तसं शुद्ध केलेलं पाणी तपासताना ॲल्युमिनियम आहे असं धरूनच चाला.

टिसॅब बनवणं

मोठ्या बीकरमध्ये ५०० मिली डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात ५७ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, ५८ ग्रॅम सोडियम क्लोराईड आणि ४ ग्रॅम सीडीटीए टाका आणि ढवळा. सीडीटीए लगेच विरघळणार नाही, काळजी करू नका, पीएच वर चढायला लागला की विरघळतं. आता बीकर गार पाण्याच्या टबात ठेवा, पीएच मीटर लावा आणि सोडियम हायड्रॉक्साईडचं द्रावण (लिटरला २४० ग्रॅमवालं) हळूहळू घाला, साधारण १२५ मिलीच्या आसपास लागतं, पीएच ५.३ ते ५.५ ला आला की थांबा. गार होऊ द्या, मग १ लिटर करा. घाई केली तर द्रावण चांगलं तापतं. ॲसिडचा वास डोक्यात जातो त्यामुळे फ्युम हूडमध्ये किंवा खिडकी उघडी ठेवून करा, आणि हे हायड्रॉक्साईडचं द्रावण डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, गॉगल घातल्याशिवाय बाटलीचं झाकणसुद्धा उघडायचं नाही.

स्टँडर्ड बनवणं

सोडियम फ्लोराईड ओव्हनमध्ये सुकवून गार करून घ्या आणि ०.२२१० ग्रॅम वजन करून १ लिटर करा, हे झालं १०० पीपीएमचं स्टॉक. सोडियम फ्लोराईड विषारी आहे, हातमोजे घाला, पावडर उडू देऊ नका, ॲसिडच्या बाटल्यांपासून लांब ठेवा आणि स्टॉकच्या बाटलीवर मराठीत मोठ्या अक्षरात "विष" लिहा, कारण ते दिसायला अगदी पाण्यासारखं असतं आणि लॅबमध्ये साफसफाई करणाऱ्या ताईंना इंग्रजी लेबल वाचता येईलच असं नाही.

या स्टॉकमधून १० मिली घेऊन १०० मिली केलं की १० पीपीएम. त्या १० वाल्यातून १० मिलीचं १०० केलं की १ पीपीएम, २० मिलीचं १०० केलं की २ पीपीएम. आणि १ वाल्यातून २० मिलीचं १०० केलं की ०.२ पीपीएम. अशी चार स्टँडर्ड झाली, ०.२, १, २ आणि १०. पिण्याच्या पाण्याला एवढी पुरतात, आणि ज्या १ ते १.५ च्या पट्ट्यात निर्णय घ्यायचा असतो त्याच्या दोन्ही बाजूंना स्टँडर्ड आहे हे महत्त्वाचं. ०.२ च्या खाली मिलिव्होल्ट आणि पीपीएमचा लॉग यांची सरळ रेषा वाकायला लागते, तिथलं मोजायचं असेल तर त्याच पट्ट्यात आणखी स्टँडर्ड घ्यावी लागतात, पण गावच्या पाण्याच्या निर्णयासाठी त्याची गरज पडत नाही.

सॅम्पल आणणं

हापसा असेल तर आधी काही मिनिटं हापसून पाईपमधलं जुनं पाणी काढून टाका, मग प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा खंगाळून भरा. फ्लोराईडसाठी ॲसिड वगैरे काही घालायचं नसतं, आणि बंद बाटलीत सॅम्पल २८ दिवसांपर्यंत चालतं, त्यामुळे लांबच्या गावातून आणायला अडचण नाही. बाटलीवर गाव, वस्ती, कुठला हापसा, तारीख आणि बोअरची खोली माहीत असेल तर ती, हे तिथेच लिहा, परत आल्यावर लिहू म्हटलं की सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात. "शाळेजवळचा हापसा" एवढंच लिहू नका, शाळेजवळ दोन असतात.

आता प्रत्यक्ष मोजणं

सगळी द्रावणं आणि सॅम्पल आधी एकाच खोलीत ठेवून एकाच तापमानाला येऊ द्या, फ्रिजमधून काढलेलं सॅम्पल आणि टेबलावरचं स्टँडर्ड असं करू नका, एका डिग्रीच्या फरकाने साधारण २ टक्के चूक येते. थर्माकोल इथे लागतो. स्टररची मोटर तापते आणि बीकर खालून गरम करते, म्हणून स्टरर आणि बीकरच्या मधे तो तुकडा सरकवा.

इलेक्ट्रोडची तयारी अशी. रेफरन्सचं भरायचं द्रावण भोकापर्यंत आहे का बघा, आणि मोजताना ते भोक उघडं ठेवा. आतल्या द्रावणाची पातळी बाहेरच्या सॅम्पलच्या पातळीपेक्षा वर असली पाहिजे म्हणजे प्रवाह आतून बाहेर हळू झिरपत राहतो, उलटं झालं तर सॅम्पल आत शिरतं आणि रीडिंग दिवसभर सरकत राहतं. मग इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरने धुवा, टिश्यूने पाणी टिपून घ्या. टिपायचं, घासायचं नाही.

२५ मिली ०.२ चं स्टँडर्ड आणि २५ मिली टिसॅब एका प्लॅस्टिकच्या बीकरमध्ये, स्टररची कांडी टाका आणि मध्यम वेगाने फिरवा, पाण्यात भोवरा पडता कामा नये. इलेक्ट्रोड जरा तिरका बुडवा, अगदी सरळ उभा धरला तर क्रिस्टलच्या तळाला हवेचा बुडबुडा अडकतो आणि रीडिंग नाचत राहतं. खालून नजर टाकून बघा, बुडबुडा असेल तर दांड्याला हलकी टिचकी मारा. रीडिंग स्थिर व्हायला जास्त फ्लोराईडमध्ये मिनिटभर, कमी फ्लोराईडमध्ये तीन ते पाच मिनिटं लागतात. सगळ्या द्रावणांना सारखा वेळ द्या, म्हणजे एकाला एक मिनिट आणि दुसऱ्याला सात असं नको. मिलिव्होल्ट लिहा, इलेक्ट्रोड धुवा, टिपा, पुढचं. क्रम नेहमी कमीकडून जास्तीकडे, ०.२, १, २, १०, कारण १० मधून थेट ०.२ मध्ये गेलं की इलेक्ट्रोडला खाली यायला बराच वेळ लागतो.

समजा रीडिंग अशी आली : ०.२ ला १५२.५, १ ला ११२.०, २ ला ९४.५ आणि १० ला ५४.०. आता १ आणि १० मधला फरक बघा, ५८. हाच तुमचा स्लोप. एक्सेलमध्ये एका कॉलममध्ये पीपीएमचा लॉग आणि दुसऱ्यात मिलिव्होल्ट टाकून स्लोपचं फंक्शन लावलं तरी हेच येतं, चारही बिंदू धरले जातात त्यामुळे ते जास्त चांगलं. २० ते २५ डिग्रीच्या खोलीत ५४ ते ६० च्या मधला स्लोप ठीक आहे. पण विदर्भातल्या मे महिन्यात पंख्याखाली लॅब ३५ डिग्रीला असेल तर पुस्तकी स्लोपच ६१ होतो, आणि जानेवारीच्या सकाळी १५ डिग्रीला ५७, म्हणून स्लोपच्या शेजारी तापमान लिहायची सवय लावा, नाहीतर मे मध्ये आलेला ५५ तुम्हाला उगाच चांगला वाटेल.

स्लोप ५० च्या खाली असेल तर सॅम्पल लावूच नका. आधी नवीन स्टँडर्ड बनवून बघा, तरी तोच आला तर क्रिस्टलवर थर बसला असेल. फ्लोराईडवाली टूथपेस्ट बोटाने किंवा मऊ ब्रशने क्रिस्टलवर हलकी चोळा, भरपूर पाण्याने धुवा, मग १ पीपीएमच्या द्रावणात थोडा वेळ ठेवा आणि परत बघा. ऐकायला विचित्र वाटतं पण ही इलेक्ट्रोड बनवणाऱ्यांनीच सांगितलेली पद्धत आहे. आणि सगळ्या स्टँडर्डला जवळपास एकच रीडिंग येत असेल तर क्रिस्टलला दोष देण्याआधी केबल नीट बसली आहे का ते बघा.

स्लोप पास झाला की सॅम्पल, अगदी त्याच पद्धतीने, २५ मिली सॅम्पल आणि २५ मिली टिसॅब. समजा ८५.६ मिलिव्होल्ट आलं. ११२.० मधून ८५.६ वजा केले, २६.४, त्याला ५८ ने भागलं, ०.४५५, आणि १० चा ०.४५५ वा घात म्हणजे २.८५ पीपीएम. हेच उत्तर. आता इथे बरेच जण या आकड्याला परत २ ने गुणतात, कारण सॅम्पल टिसॅबने निम्मं पातळ केलं होतं ना. गुणायचं नाही! स्टँडर्डसुद्धा तेवढंच पातळ केलं होतं आणि आपण त्याला १ च म्हटलं होतं, त्यामुळे हिशोब आपोआप जुळतो. पण सॅम्पल १० च्या वर गेलं म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरने पाचपट पातळ केलं असेल तर मात्र ५ ने गुणायचं.

दर दोन तासांनी आणि शेवटच्या सॅम्पलनंतर १ पीपीएमचं स्टँडर्ड परत लावा. सकाळी ११२.० होतं आणि आता ११२.६ आहे तर काही नाही, पण ११५ आलं असेल तर मधली सगळी सॅम्पल बारा टक्क्यांपर्यंत चुकलेली असू शकतात, कॅलिब्रेशन (म्हणजे चारही स्टँडर्ड लावून स्लोप काढणं) नवीन करा आणि ती सॅम्पल परत लावा. कंटाळवाणं आहे, पण हे टाळून दिलेला रिपोर्ट कुणीतरी खरा मानून त्या पाण्याचं ठरवणार असतं.

स्पाइक

इलेक्ट्रोड स्टँडर्डमध्ये बरोबर चालतो म्हणजे तुमच्या सॅम्पलमध्येही बरोबर चालेल असं नाही, सॅम्पलमध्ये फ्लोराईडला पकडून ठेवणारं काही असू शकतं. ते तपासायला सॅम्पलमध्ये माहीत असलेलं फ्लोराईड मुद्दाम घालून ते पूर्ण परत सापडतं का बघायचं. ५० मिली सॅम्पल, ५० मिली टिसॅब, रीडिंग घेतलं, समजा ०.८ पीपीएम आलं. आता त्याच बीकरमध्ये १०० पीपीएमच्या स्टॉकमधलं १ मिली पिपेटने घाला. सॅम्पलमध्ये ४० मायक्रोग्रॅम होते, आपण १०० घातले, म्हणजे २.७७ पीपीएमच्या जवळ यायला हवं (२.८० नाही, कारण १ मिलीने आकारमान थोडं वाढलं). घातलेल्यापैकी ९० ते ११० टक्के परत दिसलं तर सॅम्पल भरवशाचं आहे. त्याऐवजी २.४ आलं तर घातलेल्यातलं ८० टक्केच सापडलं, म्हणजे काहीतरी पकडून बसलंय, बहुतेक ॲल्युमिनियम. अशा वेळी टिसॅब घालून सॅम्पल जास्त वेळ ठेवा, किंवा सॅम्पल पातळ करून परत करा. प्रत्येक सॅम्पलला स्पाइक शक्य नसतं, पण एका खेपेतल्या दहा-वीस सॅम्पलमागे एकाला आणि कुठलंही नवीन प्रकारचं पाणी आलं तर त्याला करावंच.

आकडा १.४ ते १.६ च्या मधे आला तर एका रीडिंगवर काही सांगू नका. दुसरा बीकर भरून, १ आणि २ ची स्टँडर्ड ताजी लावून परत मोजा, आणि जमलं तर त्या हापशाचं उन्हाळ्यातलं आणि पावसाळ्यानंतरचं अशी दोन सॅम्पल घ्या. रिपोर्टमध्ये १.४८३ असं तीन दशांशांपर्यंत लिहू नका, ही पद्धत तेवढी बारीक नाही, १.५ लिहा आणि शेजारी तारीख, तापमान, स्लोप आणि स्पाइकची टक्केवारी लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला तो आकडा किती पक्का आहे ते कळेल.

दुसरे आयन मोजायचे असतील तर

मूळ पद्धत हीच, पण बारकावे बदलतात. नायट्रेट, कॅल्शियम, पोटॅशियमच्या इलेक्ट्रोडला क्रिस्टल नसतो, पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो, तो टिश्यूनेसुद्धा दाबायचा नाही, टूथपेस्ट तर अजिबात नाही, आणि काही महिन्यांनी तो संपतोच, त्याचा खर्च आधीच धरून ठेवा. टिसॅबऐवजी त्या त्या आयनचं वेगळं द्रावण लागतं. नायट्रेटला क्लोराईड त्रास देतं, त्यामुळे खारट बोअरच्या पाण्यात नायट्रेटचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. आणि नायट्रेटचं स्टँडर्ड विकत घेताना लेबल नीट वाचा, ते नायट्रेट म्हणून लिहिलंय की नायट्रोजन म्हणून, कारण दोन्हीत ४.४ पटीचा फरक आहे. आयएस १०५०० ची ४५ ची मर्यादा नायट्रेट म्हणून आहे.

काम संपल्यावर

इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरने धुवा. उद्या परत लागणार असेल तर १ पीपीएमच्या फ्लोराईडमध्ये बुडवून ठेवा. पंधरा दिवस-महिनाभर लागणार नसेल तर रेफरन्समधलं द्रावण काढून टाका, आतून डिस्टिल्ड वॉटरने धुवा, टिपून कोरडा करा आणि टोपण लावून खोक्यात ठेवा, नाहीतर आत मिठाचे खडे होऊन रेफरन्सचा झिरपायचा मार्ग बंद होतो. परत काढाल तेव्हा नवीन द्रावण भरून तासभर १ पीपीएममध्ये ठेवा आणि सॅम्पल लावायच्या आधी स्लोप बघा.